समोरच्या दारातली वाटी

शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करायचो. त्यामुळे हे लिहिताना हात जरा अडखळतोय... तरी लिहितो.

शिवाजी पेठेत आमची तीन मजली बिल्डिंग आहे. वरच्या मजल्यावर समोरासमोर दोनच फ्लॅट. एकात मी. बायको गेल्यापासून एकटा. मुलगा बंगळुरूला, रविवारी व्हिडिओ कॉल. समोर कांबळेबाई, रिटायर्ड नर्स, त्याही एकट्या. आमचं बोलणं बेताचंच, पण वाट्यांची ये-जा रोजची. त्यांच्याकडून भाजी किंवा खर्डा यायचा. आलेली वाटी रिकामी परत द्यायची नसते, म्हणून मी शिरा करायला शिकलो. माझ्या बीपीमुळे त्या खर्ड्यात मीठ नावालाच घालायच्या. एवढं अळणी कोल्हापुरात दुसरं कुणी खाणार नाही!

मग त्या बाथरूममध्ये पडल्या. मुलगी पुण्याला घेऊन गेली, आणि तिकडेच त्या गेल्या. त्यांची एक वाटी माझ्याकडे राहिली.

बरेच महिने गेले. एका दुपारी शिरा केला आणि सवयीने त्यांच्याच वाटीत काढला. कुलूप लागलेल्या दारात ठेवून वळलो, तेव्हा भान आलं. उचलायला मन होईना. म्हटलं, मांजर खाईल.

संध्याकाळी दार उघडलं तर वाटी माझ्या उंबऱ्याशी. धुतलेली, आणि आत ताजा खर्डा. चाखला... अळणी.

खालच्यांना विचारलं. ते म्हणाले, सर, जरा विश्रांती घ्या. मी मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा शिरा ठेवला. पुन्हा खर्डा आला. असं कितीतरी दिवस चाललं. दाराच्या भिंगातून पाळत ठेवता आली असती. ठेवली नाही — कोण ते कळलं आणि येणं थांबलं तर?

पुढे फ्लॅट विकायचा म्हणून त्यांची मुलगी आली. माझ्यासमोर कुलूप काढलं. फरशीवर धुळीचा थर, त्यावर एक पाऊल उमटलेलं नाही. गॅसचा सिलिंडर कधीच परत केलेला. मला राहवेना, सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही. आदल्या संध्याकाळी आलेली वाटी मी दाखवली, तर बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिथंच जिन्यावर बसली.

"मला सपनातबी येत न्हाय ओ ती, सर," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "ही वाटी मी नेऊ काय?"

नाही कसं म्हणणार? खर्ड्यासकट दिली.

हे सगळं काय होतं, मला आजही सांगता येत नाही. मध्यंतरी माझीच एक वाटी समोर ठेवून पाहिली. संध्याकाळपर्यंत शिऱ्याला मुंग्या लागल्या. मीच ती उचलून आत आणली.