लाकडाचं ऐकणारे गजभिये सर

पंचाहत्तरीच्या या मंगलप्रसंगी प्रथम एक तक्रार नोंदवणं मी माझं कर्तव्य समजतो. गजभिये सरांनी आजवर पुष्कळ काही दुरुस्त केलं, परंतु माझ्या कपाळाला नडणारी दारावरची ती तुळई अकरा वर्षांत तसूभरही वर सरकवली नाही.

तुळई आहे नॉटिंगहॅमजवळच्या एका गावातल्या, पाचशे वर्षांच्या लाकडी सांगाड्याच्या घराची. आपल्या मराठी मंडळाच्या सहलीत मी तिथे गेलो आणि आत शिरताच तिच्यावर आपटलो. निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर यशवंतराव गजभिये त्या घराची दुरुस्ती स्वयंसेवक म्हणून पाहतात. ते लगबगीनं आले आणि त्यांनी आधी तुळई ठोकून पाहिली. “घट्ट आहे,” म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “आणि तुम्ही?”

पुढच्या शनिवारपासून मी त्यांच्या हाताखाली दाखल झालो. श्रवण, मनन, निदिध्यासन हा क्रम मला संस्कृतच्या वर्गापासून पाठ होता; म्हणूनच सर मला ‘पंडितजी’ म्हणतात. श्रवण लाकडाचंही करायचं असतं, ठोकलं की भरीव वेगळं वाजतं आणि आतून कुजलेलं वेगळं, हे सरांनी शिकवलं. ओकचं लाकूड ओलं असतानाच कापायचं, सांधे लाकडी खुंट्यांनी जोडायचे. लाकूड वाळताना पिळवटतं आणि सांधे आणखी आवळतात. म्हणून घर वाकडं दिसतं, पण उभं राहतं. खांबांमधल्या भिंती काठ्या विणून, माती-शेणानं लिंपलेल्या. मधल्या काळात कुणा हौशी माणसानं त्यावर सिमेंट थापलं, ओल आत कोंडली आणि खांबांचे पाय कुजू लागले. सरांनी ते सिमेंट तासून काढलं आणि चुन्याचा गिलावा दिला. एक खांब सगळाच बदलावा असं समितीचं मत पडलं, तेव्हा सरांनी खडूनं वीतभर खूण केली. “जेवढं कुजलं तेवढंच काढा. बाकीचा अजून नोकरीवर आहे.”

माणसांच्या बाबतीतही त्यांचा हाच हिशेब. माझी आई इकडे आली तेव्हा तिला आमचा जिना उतरवेना. सर घरमालकाची परवानगी परस्पर काढून, ओकचा कठडा घेऊनच हजर.

“अहो, भाड्याचं घर आहे हे,” आई म्हणाली.

“घर भाड्याचं आहे, ताई. गुडघे तर तुमचेच आहेत ना?”

गेल्या हिवाळ्यात कोपऱ्यातला मुख्य खांब तपासायचा होता. वरचा मजला त्याच्यावरच उभा. सर एरवी एकदाच ठोकतात. त्या दिवशी तीनदा ठोकलं.

“पंडितजी, काय म्हणते लाकूड?”

“पोकळ वाटतंय, सर.”

“मला भरीव वाटलं. म्हणजे माझा उजवा कान गेला असणार.” बारीक छिद्र पाडलं, तर आतून ओला भुसा आला. सर खूश. “कान तयार झाला तुमचा! आता ऐकायचं तुम्ही, करवत मी धरतो.” हे छापण्याची परवानगीही त्यांनीच दिली. “लिहा, म्हणजे लोक मोठ्यानं बोलतील माझ्याशी.”

सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, असं आपण सारेच म्हणतो. माझ्या म्हणण्यात स्वार्थ आहे. त्या दिवशी मला वेगळं काहीच ऐकू आलं नव्हतं. सर तीनदा ठोकतात म्हणजे त्यांना शंका आहे, एवढंच मी पाहिलं आणि ‘पोकळ’ म्हणालो. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही; इथेच पहिल्यांदा लिहितोय. पुढच्या खांबापाशी ते माझ्या शब्दावर विसंबतील, आणि वरच्या मजल्यावर सहलीची माणसं उभी असतील. मला त्याची भीती वाटते.