तिसऱ्या वावराचं नाव

मखमलाबादच्या सोमनाथच्या घरात चार पिढ्या झेंडू. तोही मळ्यातच राबायचा, पण जीव गुंतलेला भलतीकडं. संगणकावरच्या खेळात माणूस जिथवर पोचला ते ज्या फाइलीत साठतं, ती फाइल दुरुस्त करणारी बारकी बारकी हत्यारं तो बनवायचा. ना चित्र, ना बटण; काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की काम फत्ते. मग ती इंटरनेटवरच्या आपल्या पेजवर फुकट वाटायचा.

बायको तृप्ती म्हणायची, "लोकांच्या खोट्या शेतातलं तण काढा तुम्ही. आपल्या बांधावर गवत कंबरेला लागलंय."

दसऱ्याच्या आदल्या सकाळी नामपूरहून ललिताचा फोन आला. नंबर पेजवरच होता. तिचा नवरा खंडेराव उन्हाळ्यात वारला. दोन वर्षं डायलिसिस. वावरात पाय ठेवता येईना, म्हणून लॅपटॉपवर शेतीचा खेळ खेळायचा. लॅपटॉपची बॅटरी मेलेली; मध्येच लाइट गेली नि फाइल मोडली ती उघडेचना.

"सात वावरं करेल व्हतात त्यास्नी. प्रत्येकले नाव दिधेल. माले कधी दखाडं नही. एकदाव दखनं शे, दादा."

टेम्पो उभा, क्रेट भरायचे राहिलेले. 'फाइल आधी मला पाठवा' एवढं म्हणायचं राहून गेलं. 'सांध' नावाचं हत्यार कसं चालवायचं ते त्यानं फोनवरच सांगून टाकलं. ते हत्यार मूळ फाइलीवरच बदल लिहायचं. आधी नक्कल काढून ठेवा, ही सूचना पेजच्या तळाला इंग्रजीत होती.

दुपारी पुन्हा फोन. "उघडनी, दादा! पन नावेस्ना जागावर नुस्ता प्रश्नचिन्ह शेतस."

सोमनाथनं हातातला क्रेट खाली ठेवला. इंग्रजी सोडून दुसरं अक्षर दिसलं की तो कचरा, पुसून प्रश्नचिन्ह ठेवायचं, असं त्यानंच हत्याराला शिकवलं होतं. वावराला मराठीत नाव कोण देतंय, असं ह्या माळ्याच्या पोराला वाटलं होतं.

"नक्कल काढली होती का, ताई?"

"ते काय शे, दादा?"

तिनं पाठवलेली फाइल त्यानं उलटीपालटी केली. उरली होती ती नुसती प्रश्नचिन्हांची संख्या. अक्षर असो की काना-वेलांटी, एकेकाला तीन.

"चूक माझी हाय, ताई. नावं गेली. आता येत नाय."

"मन्हं नाव व्हतं का त्यामा?"

'ललिता'ला पंधरा लागतात. पंधरा कुठंच नव्हती.

"घरात काय हाक मारायचे तुम्हाला?"

"नाववर कधी हाकच मारी नही त्यास्नी. 'आयक' म्हनेत. तितलंच."

तिसऱ्या वावरावर नऊ होती. 'आयक'लाही नऊच. पण पडद्यावर त्या वावरात मका उभा होता, तुऱ्यावर आलेला, नि 'मका'लाही नऊच लागतात.

"तिसऱ्याला बसतं, ताई. 'आयक' बसतं."

"बसस ना? खरं बसस ना, दादा?"

"बसतं," सोमनाथ म्हणाला.