मिरचीनंतरचं दळण

गिरणीवालीचा नवरा पोटाच्या दुखण्यानं गेला. घरात माणसं बसलेली असतानाच धाकटा दीर सगळ्यांदेखत म्हणाला, "हिच्या गिरणीचं पीठ खाऊन गेला माझा भाऊ." झालं! गिऱ्हाइकं तुटली. शेजारीण तिच्या घरचं पाणीसुद्धा पिईना.

दीर मात्र गोड बोलून तिच्याकडचा कोंडा पोत्यानं न्यायचा. "गुरांना लागतो हो, वहिनी." गुरं कुठली आलीत त्याच्याकडे, कप्पाळ! उरलीसुरली गिऱ्हाइकं पीठ चाळून मागायची. "अहो, सगळा कस त्या कोंड्यात असतो, तसंच खा," असं ती कानीकपाळी ओरडायची, पण ऐकतंय कोण? मग एकदा शिंपीणबाई दिराच्या चकचकीत दुकानातला सुपरफूडचा डबा घेऊन आली. गिरणीवालीनं चिमूटभर जिभेवर ठेवलं. तिचाच कोंडा, वर वेलदोड्याचा वास! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मिरची दळली की आधी मूठभर टाकाऊ धान्य घालून जातं साफ करायचं, हा गिरणीतला पहिला धडा. त्या दिवशी ती तो मुद्दाम विसरली. मिरचीवरच दिराचा कोंडा पुन्हा दळला आणि पोतं बांधून दिलं. "बारीक केलाय हं, भावजी. गुरांना पचायला हलका."

दीर रोज सकाळी दुकानापुढे गिऱ्हाइकांसमोर ते सुपरफूड पाण्यात कालवून स्वतः एक ग्लास प्यायचा. दुसऱ्या दिवशी ती पुढेच जाऊन उभी राहिली. पहिला घोट उतरला आणि साहेबांचे डोळे पांढरे!

"काय झालं हो?" शिंपीणबाईनं विचारलं.

"काही नाही. झोंबलं म्हणजे गुण येतो."

"मग संपवा की, भावजी," गिरणीवाली म्हणाली.

दुसऱ्या घोटाला तो किंचाळला, "हिनं मिरची घातली! हिच्याच गिरणीतला कोंडा आहे हा!"

शिंपीणबाईनं पदर खोचला. "म्हणजे जिथलं पीठ खाऊन भाऊ गेला म्हणता, तिथलाच कोंडा आम्हाला पाजलात? मग भाऊ खरा कशानं गेला?"

"दुखण्यानं," तो खोकत म्हणाला. "दुखण्यानंच गेला. पाणी द्या, वहिनी!"

तिनं दुकानातल्या माठातून ग्लास भरला आणि त्याच्यासमोर उभी राहून सावकाश स्वतःच प्यायली.