काशिनाथची झडती

“पिशवी उघड,” मी काशिनाथला म्हणालो. शिफ्ट सुटत होती. गेटवर चाळीसेक माणसं होती आणि मी फक्त त्यालाच बाजूला घेतलं होतं.

अंबडच्या एका कारखान्यात मी एचआर ऑफिसर होतो. त्या दिवशी टूलरूममधून एक डिजिटल मायक्रोमीटर दिसेनासा झाला. पार्टची जाडी मोजायचं हे उपकरण महाग असतं. सकाळपासून टूलरूममध्ये काशिनाथ धरून पाच जण येऊन गेले होते. प्लांट मॅनेजरांनी विचारलं, “संशय कोणावर?”

“काशिनाथ असेल, सर.”

“का?”

“नवीन आहे. सुरगाण्याकडचा, पाड्यावरचा. कोणाशी बोलत नाही.”

एवढं त्यांना पुरलं. मलाही पुरलं होतं.

काशिनाथ चाळिशीचा. पिशवीत डबा, टॉवेल आणि मुलीसाठी घेतलेली नवी कंपासपेटी निघाली. मी ती पेटीसुद्धा उघडून पाहिली. तो गप्प उभा होता. ते गप्प राहणं मला पुराव्यासारखं वाटलं. बोलला असता, तर फार बोलतोय असं वाटलं असतं. मत आधी ठरतं आणि मग त्याला जुळेल तेवढंच दिसतं, याला कन्फर्मेशन बायस म्हणतात. सुपरवायझरांच्या ट्रेनिंगमध्ये मी यावर स्लाइड दाखवायचो. गटाबद्दलचं मत न तपासता माणसाला चिकटवणं म्हणजे पूर्वग्रह, ही त्याच्या पुढची स्लाइड.

तिसऱ्या दिवशी क्वालिटीच्या मॅडमचा फोन आला. “सर, तो मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला गेलाय. नोंद करायची माझ्याकडूनच राहिली.” म्हणजे उपकरण बरोबर मोजतंय का, हे तपासायला बाहेर पाठवलं होतं.

मी काशिनाथला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. “गैरसमज झाला. मनाला लावून घेऊ नको.”

त्याने कपाला हात लावला नाही. “साहेब, पिशवी तुम्ही गेटवर उघडली. हे बी गेटवरच सांगा ना.”

“मॅनेजरांना विचारतो.”

मॅनेजर म्हणाले, “कशाला विषय वाढवता?” खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं.

मायक्रोमीटर चोरीला गेलाच नव्हता, हे कामगारांना कोणी सांगितलं नाही. कॅन्टीनमध्ये काशिनाथच्या टेबलावर कोणी बसेना. महिनाभर तो एकटा जेवला. मग राजीनामा आला. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ असं होतं. मी सही केली. त्याचा नंबर माझ्याकडे होता, पण मी फोन केला नाही.

नंतर मी नियम करून घेतला: झडती घ्यायची तर सगळ्यांची, नाहीतर कोणाचीच नाही. मी रिटायर झालो तरी तो नियम चालू आहे. काशिनाथला त्याचा काही उपयोग झाला नाही.

पूर्वग्रह म्हणजे काय, हे मला इतकं चांगलं समजावून सांगता यायचं, की तो माझ्यातही असेल असं कधी मनातच आलं नाही.