पहिला उतरला की सगळे

घाटातल्या वळणावर पालापाचोळा कसा जमतो, पाहिलंय का कधी? कोणी आणून टाकत नाही. वारा रोज दोन-दोन पानं आणतो आणि एक दिवस ढीग दिसतो. आमच्या चौघांच्या सायकलींचे किस्से असेच जमले. मी फार बोलणारा माणूस नाही, शिक्षणही चौथीपर्यंतच. पण पानं उडून जायच्या आधी झाडून एका जागी करावीत, एवढं माळीकाम मला येतं.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणसाला गाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "घाटावरचे का घाटाखालचे?" आम्ही घाटाखालचे, पण आमची पोटं घाटावर! मी बुलढाण्याला एका शाळेत बागकाम करतो. सुपडा हॉटेलात भजी तळतो. शालिक लोखंडाच्या दुकानात माल चढवतो-उतरवतो. गंगा एका दवाखान्यात आया आहे. सकाळी घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा. मी आता सत्तरीला टेकलो. शाळेनं मला कधीच रिटायर केलं, पण बागेनं केलं नाही, म्हणून रोजंदारीवर अजून जातो. आणि सायकलनंच जातो! सांगताना छाती जरा फुगते. फुगू द्या.

आमचा एक नियम आहे. चढावर जो पहिला थकून सायकलवरून उतरेल, त्याच्यासोबत बाकीचे सगळे उतरतात. मग चौघंही सायकली हातात धरून पायी. पुढं कोणी जायचं नाही, आणि "काऊन उतरला?" असं कारणही कोणी विचारायचं नाही. बहुतेक दिवस आम्ही टेंभुर्णीचं पहिलं वळण बसूनच पार करतो आणि वरच्या देवीच्या वळणाला कोणीतरी उतरतो. हा नियम कोणी केला ते आठवत नाही. पण त्याच्यामुळं आमच्यात खरा दमदार कोण, हे इतक्या वर्षांत कोणालाच कळलेलं नाही!

गेल्या पावसाळ्यात माझा गुडघा सुजला. आम्ही चौघं सकाळी गावाबाहेरच्या कडुलिंबाखाली जमतो. एक दिवस माझा मुलगा प्रकाश तिथं आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आबा, मोटरसायकलनं सोडून देतो म्हनलं तं तुम्ही आयकत नाही. आता एकच सांगतो. ज्या दिवशी तुम्ही पयले उतरसान, त्या दिवसापासून सायकल बंद. कबूल?"

मी त्याच्या हातावर हात ठेवला. पोरगा मायेपोटी बोलतो, हे मला कळत होतं. पण मोटरसायकलवर मागं बसलेल्या माणसाला पुढच्याची पाठ तेवढी दिसते. घाट दिसत नाही, सोबती दिसत नाहीत.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी ओसरीवर टेकलो की प्रकाशचा एकच सवाल असतो, "आबा, आज पयले कोन उतरलं?" मी खोटं बोलत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

*

रविवारी घाटात शहरातली शौकीन मंडळी सायकल चालवायला येतात. हेल्मेट, काळा गॉगल, अंगाला चिकटलेले कपडे. गंगाच्या दवाखान्याला रविवार नसतो, सुपड्याच्या हॉटेलाला तर नसतोच, आणि झाडांना तहान रोजच लागते. म्हणून आम्हीही असतो.

असाच एक साहेब आमच्या बाजूनं चालला होता. सुपड्यानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "साहेब, पँट घरीच राह्यली का?"

साहेब दिलदार निघाला, खूप हसला. म्हणाला, "माझी सायकल नऊ किलोची आहे. एका बोटावर उचलते."

शालिक म्हणाला, "आमची उचलाची नसते साहेब, चालवाची असते."

मग साहेबानं माझ्याकडं पाहिलं. "काका, या सायकलला गिअर किती?"

मी म्हणालो, "दोन. एक बसून, एक उतरून!"

*

चढण दम काढते, पण खरी परीक्षा उताराची. जुन्या सायकलचे ब्रेक घाटात तापतात आणि मग लागत नाहीत. म्हणून आम्ही वर माथ्यावर झाडाची एक फांदी तोडून दोरीनं कॅरिअरला बांधतो. ती मागं रस्त्यावर घासत येते आणि सायकल आवरून धरते. घाटाखालच्या लोकांची ही जुनी हिकमत आहे.

एका संध्याकाळी सुपड्याला घरी जायची घाई होती. जी फांदी हाताला लागली ती त्यानं बांधली आणि निघाला. त्याच्या मागं शालिक. अर्ध्या घाटात शालिकचं पुढचं चाक बसलं. थोडं पुढं गेलो तर मागचंही बसलं.

खाली वाकून पाहतो तर रस्ताभर काटे! सुपड्यानं बाभळीची फांदी बांधली होती.

शालिक रागावेल असं आम्हाला वाटलं. तो शांतपणे टायरमधला काटा काढत म्हणाला, "ब्रेक मस्त हाय बे सुपड्या तुहा. मागच्यालेबी लागते!"

*

आता गंगाचं सांगतो. दहा वर्षांपूर्वी आमच्या गावची सकाळची एसटी बंद झाली. पुढची गाडी धरली की गंगाला दवाखान्यात पोचायला उशीर व्हायचा. नवरा वारलेला, दोन पोरी शाळेत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "वेळेवर येणं जमत नसेल तर दुसरी बाई पाहते."

गंगा त्याच संध्याकाळी माझ्या अंगणात आली. म्हणाली, "आबा, मले सायकल शिकवा."

वय बेचाळीस, नेसायला साडी. गावातल्या शाळेच्या मैदानावर शिकवायला घेतली तर अर्धा गाव तमाशा पाहायला हजर. चौथ्या दिवशी ती धाडकन पडली, कोपर सोललं. तिची सासू तिथंच उभी होती. ती गर्दीला म्हणाली, "हसून काय राह्यले? तुमच्या पोरांले रांगता येत नव्हतं तवा मी हसली होती का?" मग सुनेकडं वळून म्हणाली, "ऊठ. बस पुन्हा."

पंधराव्या दिवशी गंगा घाटाला लागली. टेंभुर्णीच्या वळणापर्यंत येता येता तिचा श्वास भात्यासारखा वाजू लागला. तोंड लालबुंद. पण ती उतरेना! पहिल्याच दिवशी तीन पुरुषांना खाली उतरवायचं, याचीच तिला लाज.

माझा गुडघा एकदम दुखला. मी उतरलो. मग सगळेच उतरलो.

सुपड्याच्या जिभेला हाड नाही. नियम मोडून त्यानं विचारलंच, "काऊन आबा? काल तं तुम्ही देवीपर्यंत सुसाट गेलते!"

मी म्हणालो, "काल गुडघा कालचा होता."

त्या दिवशी गंगा दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरीणबाई अजून यायच्या होत्या. माझा गुडघा त्याच वळणावर पुढं पंधरा-वीस दिवस दुखला. मग एका सकाळी गंगा टेंभुर्णी मागं टाकून, देवीचं वळणही बसूनच पार करून गेली. वर पोचल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आबा, गुडघा बरा झाला वाटते तुमचा."

आज तिची थोरली पोरगी नर्सिंग शिकते. आणि गावातल्या सात-आठ बाया सायकलवर बाजाराला जातात. मैदानावर आता कोणी तमाशा पाहायला जमत नाही.

*

एकदा टेंभुर्णीच्या वळणावर नांदुऱ्याहून आलेली एसटी बंद पडलेली दिसली. प्रवासी रस्त्याच्या कडेला बसलेले. त्यात आमच्या शाळेचे हेडसर! नातेवाइकाच्या लग्नाहून परत निघाले होते आणि त्याच दिवशी शाळा तपासायला मोठे साहेब येणार होते. सरांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि शेवटी माझ्या कॅरिअरवर बसले. मांडीवर फाइल.

दहा पावलं गेलो नाही तर शालिक उतरला. मग सुपडा, गंगा, मी. सर मात्र कॅरिअरवर बसून!

मी म्हणालो, "सर, उतरा."

"अरे, मी कुठं थकलो?"

"थकण्याचा सवाल नाही, सर. आमच्यात पहिला उतरला की सगळे उतरतात."

सर उतरले. फाइल काखेत धरून आमच्यासोबत घाट चालले. चालता चालता गंगाला तिच्या पोरींचं शिक्षण विचारलं, सुपड्याला भज्यांचं पीठ कसं भिजवतो ते विचारलं. सपाटी लागल्यावर पुन्हा कॅरिअरवर बसले.

शाळेच्या फाटकाशी आलो तसे घाईनं म्हणाले, "नारायण, मला इथंच उतरव. पोरं पाहतील."

मी त्यांना उतरवलं. मग मीही उतरलो आणि सायकल हातात धरून त्यांच्या बाजूनं चालू लागलो. सरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी सायकलच्या हँडलला एक हात लावला आणि तशीच आम्ही दोघांनी ती पोरांच्या रांगांमधून नेली.

मोठे साहेब ओट्यावर उभे होते. सर त्यांना म्हणाले, "हे नारायणराव. यांच्यामुळं वेळेवर आलो."

फाटकापर्यंत नारायण होतो. ओट्यापर्यंत नारायणराव झालो!

*

पावसाळ्यात घाट धुक्यात बुडतो. हाताचं बोट दिसत नाही. अशा एका सकाळी शालिक पुढं होता. त्याला समोर घोंगडी पांघरून कोणीतरी रस्त्याच्या कडेनं चाललेलं दिसलं. एवढ्या सकाळी बिचारा एकटा माणूस! शालिकनं घंटी वाजवली आणि मोठ्यानं म्हणाला, "रामराम हो!"

घोंगडीनं मान वळवली. अस्वल!

पुढं काय झालं ते नीट सांगता येत नाही. चारही सायकली कधी वळल्या आणि आम्ही घाटाच्या पायथ्याला कधी आलो, कोणालाच आठवत नाही. त्या दिवशी फांदी नव्हती, ब्रेकही नव्हते.

गंगा पाणी प्यायली. सुपड्यानं विचारलं, "शालक्या, तुले अस्वल हाय हे समजलं कवा बे?"

शालिक म्हणाला, "रामरामाले जबाब नाही देल्ला, तवाच वळखलं. आपल्या गावचा नाही!"

*

आणि हे या हिवाळ्यातलं.

थंडी पडली तसा गुडघा पुन्हा धरला. आता खराच. देवीचं वळण सोडा, टेंभुर्णीच्या वळणालाच पायडल मारताना आत काहीतरी कचकच वाजायचं. मी ओठ दाबून रेटायचो. चढावर गंगा माझ्या मागं असते.

एका सकाळी टेंभुर्णी समोर आली आणि कळलं, आज जमत नाही. प्रकाशच्या हातावर ठेवलेला हात आठवला. शब्द म्हणजे शब्द. शाळेतल्या गुलाबांना पाणी द्यायला उद्यापासून मोटरसायकलवर मागं बसून जायचं, असं मनाशी म्हटलं आणि उतरायला पाय सोडणार, तेवढ्यात मागून गंगा ओरडली, "थांबा हो! चेन पडली माही!"

ती उतरली होती. मग आम्ही तिघं उतरलो.

ती सायकलच्या आडोशाला खाली बसली, थोडी खुडबुड केली आणि उठली. "चला, बसली." चौघं पायी निघालो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टेंभुर्णी, पुन्हा चेन. तिसऱ्या दिवशी तेच. गंगानं मग कडुलिंबाखाली सगळ्यांना सांगितलं, "उद्यापासून पंधरा मिनिटं लवकर निघत जाऊ. थंडीत मले दम लागते." आमच्यात सगळ्यात लहान तीच.

सुपड्याला राहवलं नाही. "काऊन व गंगे, नवी चेन टाक न!"

"टाकीन. सवड भेटू दे."

मला तिची काळजी वाटली. रविवारी संध्याकाळी तिची सायकल माझ्या अंगणात आणून उलटी केली. चेन काढली, रॉकेलनं धुतली, एक कडी कमी केली, तेल दिलं, चाक मागं ओढून नट आवळले. हातानं पायडल फिरवून फिरवून पाहिलं. तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ चेन. प्रकाश ओसरीवरून पाहत होता.

सोमवारी धुकं नव्हतं, ऊन कोवळं होतं. टेंभुर्णीचं वळण आलं. माझा पाय थांबला.

"थांबा हो! चेन पडली!"

सगळे उतरलो. गंगा सायकलच्या आडोशाला बसली, थोडी खुडबुड केली. मग उभी राहून तिनं दोन्ही हात पदराला खसाखसा पुसले. अंगावर दवाखान्याची पांढरी साडी होती.

पदर पांढराच राहिला.

संध्याकाळी ओसरीवर टेकलो. प्रकाशनं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि विचारलं, "आबा, आज पयले कोन उतरलं?"

"गंगा," मी म्हणालो. "चेन पडली तिची."