वर्तणुकीचा रकाना

९ मे २००८. पावसाआधी लोखंडी पेट्या रिकाम्या करायच्या, आतलं सगळं दिवसभर उन्हात टाकायचं आणि कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा भरायचं, हे काम मी दरवर्षी मे महिन्यात करते. त्या वर्षी मुलगी घरी होती. तिचं लग्न ठरलं होतं आणि औरंगाबादच्या नोकरीतून ती आठ दिवसांची रजा काढून आली होती. मी म्हटलं, बसून काय करतेस, पेटीची कडी धर.

तिसऱ्या पेटीच्या तळाला अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद मी ओढून काढला. त्याच्याखाली फोटो होता. अकरा वर्षांपूर्वी तिथे मीच ठेवला होता, हे मला लगेच आठवलं.

फोटोत नववीतल्या चार मुली होत्या. मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि दोन बदकं. मधोमध माझी मुलगी. तिच्या अंगात तांड्यावरच्या बायका घालतात तसा आरशांचा घागरा, आरशांची चोळी, डोक्यावरून कवड्या लावलेली ओढणी. दोन्ही बाजूंना गावातल्या दोन मैत्रिणी. आणि कडेला, थोडी मागे, तांड्यावरची मुलगी. जिच्या घरचा तो घागरा होता ती.

"अगं, हा अजून आहे?" माझी मुलगी हसली. "मी तर समजत होते तू फाडून टाकलास."

मला हसू आलं नाही. त्याचं कारण सांगायचं तर १९९७ पासून सांगावं लागेल.

मी जवळा बाजारजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. त्या वर्षी नववीची वर्गशिक्षिका मीच होते आणि माझी मुलगी त्याच वर्गात होती. वर्गात तिने मला बाई म्हणायचं, आई म्हणायचं नाही, असा नियम मी केला होता आणि तिनेही तो पाळला होता. मी कडक म्हणून ओळखली जात होते. ते मला आवडायचं.

तांड्यावरची ती मुलगी रोज तीन किलोमीटर चालत यायची. तिच्या तांड्यावरून नववीपर्यंत आलेली ती पहिलीच मुलगी. इंग्रजीत बरी होती, बरी म्हणजे माझ्या मुलीपेक्षा बरी. सातवीपर्यंत मधल्या सुट्टीत एकटी बसून भाकरी खायची. आठवीत माझ्या मुलीच्या घोळक्यात जाऊन बसायला लागली. घोळका माझ्या मुलीचा होता, हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मी असं म्हटलं नसतं.

जानेवारीत एका बाजाराच्या दिवशी या चौघी मधल्या सुट्टीनंतर वर्गात आल्या नाहीत. पोट दुखतं, डोकं दुखतं, अशी कारणं त्यांनी आधीच पेरून ठेवली होती. मला संशय आला नाही. आठ दिवसांनी पुढच्या बाजाराला मी भाजी घ्यायला गेले, तर बांगड्या भरणारी बाई चार जणींपुढे मोठ्याने म्हणाली, "बाई, लेक तांड्यावर दिली म्हणं तुमी? पत्रिका तर द्यायची! आमी काय जेवाय आलो नसतो व्हय?"

बायका खदखदून हसल्या. मला काही कळेना. मग तिनेच बोट दाखवलं. समोर फोटो स्टुडिओ होता. त्याच्या दाराशी काचेचं कपाट होतं आणि चांगला उतरलेला फोटो स्टुडिओवाला मोठा करून त्यात लावायचा, गिऱ्हाईक यावं म्हणून. त्या आठवड्यात त्याने हा फोटो लावला होता. आठवडाभर सगळा बाजार तो बघत होता.

मी फोटो काढून घेतला. स्टुडिओवाल्याला बोलले, घरी येऊन मुलीला दोन ठेवून दिल्या आणि विचारलं, "कोणी शिकवलं हे? तिनेच ना?"

 मुलगी मान खाली घालून रडत राहिली. मी ते हो समजले.

तिकडे तांड्यावर त्याच आठवड्यात बोंब झाली होती. घागरा त्या मुलीच्या आईचा, तिच्या लग्नातला. तिच्या आईने आणि आजीने दोन वर्षं टाका टाका घालून केलेला. पेटीचं कुलूप काढून लेकीने तो न विचारता नेला होता आणि परत ठेवला तेव्हा त्यावरचे सात-आठ आरसे निखळलेले होते.

सोमवारी नववीला तिसरा तास माझा. धडा दुसराच होता, पण मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत एक वाक्प्रचार लिहिला. टू फॉल इन्टू बॅड कंपनी. अर्थ लिहिला, वाईट संगतीला लागणे.

"बाई, कंपनी म्हंजी पुण्यातली व्हय?" मागच्या बाकावरून एकाने विचारलं. वर्ग हसला.

मी समजावून सांगितलं. कंपनी म्हणजे इथे सोबत. आणि फॉल म्हणजे पडणं. इंग्रजीत माणूस वाईट संगतीत पडतो, विहिरीत पडावं तसा. चांगल्या घरातलं पोरगंसुद्धा पडतं. शेजारी कोण बसलंय ते बघून बसावं. हे बोलताना मी कुणाकडे पाहत होते, ते वर्गातल्या प्रत्येकाला कळत होतं.

तांड्यावरच्या मुलीने हात वर केला.

"बाई, आपून पडलो न्हाई, कुणी ढकललं तर? तवा काय म्हनायचं?"

"तसं इंग्रजीत म्हणत नाहीत," मी म्हटलं. "उभी राहिलीच आहेस, तर वाक्य करून दाखव."

ती थोडी थांबली. मग म्हणाली, "अ गुड गर्ल फेल इन्टू बॅड कंपनी." वाक्य बिनचूक होतं.

"ही गुड गर्ल कोण?" मी विचारलं.

वर्ग पुन्हा हसला. माझी मुलगी वहीत बघत होती. ती मुलगी उभीच राहिली. मला वाटलं, ती माझ्या मुलीला चांगल्या घरची म्हणून टोमणा मारते आहे. मी तिला तास संपेपर्यंत उभी ठेवली.

पुढे मी जे केलं ते रागात केलं नाही, शांत डोक्याने केलं. तिच्या वडिलांना शाळेत बोलावलं. पांढरं धोतर, डोक्याला लाल पागोटं, माणूस दाराबाहेरच उभा राहिला. मी सांगितलं, वर्ष संपलं की हिला दुसऱ्या शाळेत घाला, इथे हिच्यामुळे बाकीच्या मुली बिघडतात.

"बाई, लेकरू हाये," ते म्हणाले. "तिच्या मायनं लई मारलं तिला. एक डाव माफी द्या. पुन्यांदा तुमाला तकलीफ व्हनार न्हाई, मी जामीन."

मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा."

माझ्या मुलीला मात्र नियम लावला नव्हता. गावातल्या दोघींनाही नाही. त्या तिघी संगतीत पडलेल्या होत्या आणि ही एकटी संगत होती. तेव्हा मला हा हिशेब बरोबर वाटला.

मे महिन्यात तिचा दाखला निघाला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा एक रकाना असतो. आमच्या शाळेत काय, सगळीकडेच, तिथे डोळे मिटून 'चांगली' लिहितात. मास्तराला दगड मारून गेलेल्याचीही वर्तणूक चांगलीच असते. मला त्या पद्धतीची चीड होती. कारकून म्हणाला, "बाई, चांगली टाकू ना?" मी दाखला त्याच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'समाधानकारक नाही'. मुख्याध्यापकांनी न वाचता सही केली.

दोन शाळांनी तो दाखला बघून तिला घेतलं नाही. हे मला जूनमध्ये कारकुनाकडून कळलं. मी म्हटलं, तिसरी घेईल. तिसरीकडे तिचे वडील गेलेच नाहीत. ती कापूस वेचायला जायला लागली. पुढे तिचं लग्न झालं, पुसेगावच्या बाजूला कुठेतरी.

एकदाच भेटली, २००३ साली, जवळ्याच्या बाजारात. कडेवर मुलगी होती. गर्दीत वाकून पाया पडली. मी विचारलं, बरी आहेस ना. ती म्हणाली, "बरी हाये, बाई. तुमचं ते वाक्य अजून येतं मला." आणि त्या कोलाहलात म्हणूनही दाखवलं, सबंध, बिनचूक. मग विचारलं, "तुमची लेक कशी हाये? तिला सांगा, मी आठवन काढली." मी घरी येऊन मुलीला निरोप सांगितला नाही. जुनं कशाला उकरायचं, असं वाटलं.

आता पुन्हा पेट्यांपाशी येते.

मुलगी फोटो हातात घेऊन खाटेवर बसली होती. सहज बोलावं तशी म्हणाली, "तिच्या आईने तिला फार मारलं असेल ना गं? किती नाही म्हणत होती आणायला."

मी पाला निवडत होते. 

"कोण नाही म्हणत होती?"

तिचा चेहरा बदलला. तिला वाटलं होतं, मला ठाऊक आहे. इतकी वर्षं तिला हेच वाटत होतं, की आईला कळलं असणार आणि आई गप्प बसली असणार.

मग तिने सांगितलं. तो घागरा तिला घालून बघायचा होता, तिलाच. तांड्यावरच्या एका लग्नात बाहेरून पाहिला होता. ती मुलगी पंधरा दिवस नाही म्हणत होती, आईची पेटी कशी उघडू म्हणत होती. मग या तिघींनी तिच्याशी बोलणं बंद केलं. डबा खाताना पाठ करून बसायला लागल्या.

"मीच म्हटलं तिला," मुलगी म्हणाली, "आणायचा नसेल तर आमच्यात बसू नको. परत एकटी बस, पहिल्यासारखी. दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून घेऊन आली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू म्हणालीस, तिनेच ना. मला वाटलं, बरं झालं." ती रडायला लागली. "मी चौदा वर्षांची होते, आई."

"तीही चौदाचीच होती," मी म्हटलं.

मी फोटो तिच्या हातातून घेतला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. कडेला उभ्या त्या मुलीच्या अंगात शाळेचा गणवेश होता. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट, दोन वेण्या, रिबिनी घट्ट. घागरा तिच्या घरचा, पण तिने फोटोसाठी ओढणीसुद्धा खांद्यावर घेतलेली नाही. सगळ्या फोटोत शाळेत असल्यासारखी ती एकटीच दिसते. माझ्या हातात हे पहिल्या दिवसापासून होतं. मी मुलीचे कपडे पाहिले, बाजार काय म्हणेल ते पाहिलं आणि फोटो कागदाखाली घातला.

आणि ते वाक्य. ती चांगली मुलगी कोण, हे तिने मला भर वर्गात सांगितलं होतं. माझ्याच फळ्यावरचे शब्द घेऊन सांगितलं होतं. वर्गात त्या वाक्प्रचाराचा अर्थ फक्त तिला कळला होता. तो मी शिकवला होता आणि मलाच कळला नव्हता.

संध्याकाळी पेट्या भरल्या. काम अर्धवट टाकून बसण्याची मला सवय नाही. पण पाला घालायचा राहून गेला, हे जुलैत कसर लागल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मुलीला उठवलं. "आवर," म्हटलं, "तांड्यावर जायचंय." ती तयार झाली. ती मुलगी रोज चालायची त्याच वाटेने आम्ही गेलो. पाऊण तास लागला.

तिचे वडील दारात दोरी वळत बसले होते. थकले होते. मला ओळखलं आणि उठायला लागले. मी त्यांना बसवलं. उभ्यानेच सगळं सांगितलं, काही न वगळता. घागरा कोणी मागितला, लेकीला काय बोलून आणायला लावला, दाखल्यावर मी काय लिहिलं. माझी मुलगी शेजारी उभी होती. "खरं आहे, काका," एवढंच म्हणाली.

त्यांनी दोरी बाजूला ठेवली.

"तिची माय गेली दोन सालाखाली," ते म्हणाले. "तो घागरा लेकीच्या लग्नात लेकीला द्याचा असतो. तिनं न्हाई देला. म्हनली, पेटी फोडनारीला न्हाई देनार. जाईस्तोर तेच म्हनली." मग म्हणाले, "काहून आल्या आता, बाई?"

 मी म्हटलं, "सांगायला आले."

"सांगून काय. सांगितलेलं वाऱ्यावर जातं. तवा तुमी कागदावर लिवलं व्हतं. आताबी लिवा. मराठीत लिवा."

पिशवीत कागद होता. मी उंबऱ्यावर बसले आणि मांडीवर वही ठेवून लिहिलं. तिने पेटी मनाने उघडली नाही. तिला भाग पाडलं. भाग पाडणारी माझी मुलगी होती. दाखल्यावर मी लिहिलेली वर्तणूक चूक होती. तिची वर्तणूक चांगली होती. खाली सही केली, हुद्दा लिहिला, तारीख घातली.

"वाचा," ते म्हणाले.

मी मोठ्याने वाचलं. दोन-तीन बायका कामं टाकून येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनीही ऐकलं. मग मी पेन मुलीच्या हातात दिलं आणि माझ्या सहीखाली तिला सही करायला लावली. त्यांनी कागदाची घडी घातली, आत गेले, पेटी उघडली आणि घागऱ्याच्या घडीत तो ठेवून कुलूप लावलं.