आक्काचा रविवारचा सिनेमा

आक्का गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्यांच्याच नावानं बोटं मोडत होते. बाजारचा दिवस होता. सकाळी पिशवी घेऊन गेलेल्या आक्का ऊन कललं तरी परतल्या नव्हत्या, आणि मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की निवडण-टिपण अंगावर पडू नये म्हणून या मुद्दाम कुठंतरी बसून राहिल्यात. तेवढ्यात यांचा फोन आला. हे म्हणजे माझे यजमान, आणि आक्का यांची थोरली बहीण, माझी नणंद. भूमच्या बाजाररस्त्याला भाजीच्या टेम्पोची धडक बसली, डोकं कडेच्या दगडावर आपटलं, टेम्पोवाल्यानंच उचलून दवाखान्यात नेलं, पण तिथं पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी गॅस बंद केला आणि पहिला प्रश्न विचारला, तो पळून तर गेला नाही ना? रडू त्यानंतर आलं. संशय माझ्याकडे नेहमीच आधी पोचतो, बाकीचं सगळं मागून येतं.

याला माझा स्वभाव म्हणा नाहीतर नोकरी. पोस्टाच्या काउंटरवर माझी उमर गेली. समोरच्या माणसाची सही जुन्या सहीशी ताडून बघायची, मग त्याच्या तोंडाकडे बघायचं, मग पुन्हा सहीकडे. रिटायर झाले तरी ती नजर काही घरी बसली नाही. आक्का सोलापूरहून आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्या नजरेला आयतंच काम मिळालं. आक्का आणि त्यांचे यजमान, दोघांनी उभा जन्म चादरीच्या कारखान्यात मागावर काढला होता. पोरंबाळं नव्हती. यजमान गेल्यावर एक ट्रंक, एक जुना टीव्ही आणि एक डिस्क लावायचं मशीन घेऊन त्या भावाच्या घरी आल्या. मी त्यांना मागची खोली दिली, आणि त्या दिवसापासून त्यांच्यावर लक्ष ठेवलं.

लक्ष ठेवण्यासारखं होतंही. स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या तरी बाई जागची हलायची नाही, समोर जाऊन उभं राहिलं की मात्र गोड हसून, "काय गं सुमन?" मी मनात म्हणायचे, थोरल्या नणंदेचा तोरा आहे हा. कशालाही "व्हय व्हय" म्हणायच्या आणि नंतर त्यातलं काहीच करायच्या नाहीत. बैठकीत पाहुणे बसले की हमखास कोपऱ्यातली खुर्ची धरायच्या, जिथून सगळ्यांची तोंडं दिसतील. कुणी गंमत केली तर सगळ्यांच्या नंतर हसायच्या. मला वाटायचं, ही बाई आमचं सगळं टिपून घेतेय आणि सोलापूरला फोन करून पुरवतेय. पण फोनवर त्या कधी बोलायच्याच नाहीत, तो यांच्या हातात द्यायच्या... आणि यातही मला काळंबेरं दिसायचं. यांचं म्हणाल तर हे त्या काळात उगीचच लाघवी झाले होते. काही बोलायचं असलं की आधी खांद्याला हात लावायचा, मग तोंड उघडायचं. मी हात झटकून म्हणायचे, लाडीगोडी नको, काय पाहिजे ते सांगा.

एकदा आक्का बाजारातून दोन डिस्का घेऊन आल्या. ताडपत्रीवर जुन्या डिस्कांचा ढीग मांडून बसणारा एक माणूस तेव्हा यायचा, त्याच्याकडच्या. एक मराठी विनोदी सिनेमा होता. तो आम्ही सगळ्यांनी बघितला, आम्ही पोट धरून हसलो, आक्का मागाहून हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो शेजारणीला देऊन टाकला. दुसऱ्या डिस्कच्या कव्हरावर भिजलेला, मुठीला फडकं गुंडाळलेला एक उघडा माणूस होता आणि पाठीमागं बारीक अक्षरात इंडोनेशिया असं काहीतरी होतं. ती मात्र त्यांनी ठेवली. खाली इंग्रजी अक्षरं तरी उमटायला हवी होती, तीही नव्हती. नुसती त्यांची भाषा आणि हाणामारी. पासष्टीच्या घरातली बाई, एकादशी धरणारी, तिला मराठी सिनेमा नको आणि हा पाहिजे? मी यांना म्हटलं सुद्धा, तुमच्या बहिणीचं काहीतरी वेगळंच आहे. हे डिस्कचं कव्हर उलटसुलट करून बघत राहिले.

पण खोटं कशाला बोलू, सिनेमा जबरदस्त होता. समुद्रकाठचं गाव, मासे साठवायचा बर्फाचा कारखाना, आणि कारखान्यातल्या कामगारांच्या मागं लागलेली एक टोळी. ती पोरं जिथं लपतील तिथं टोळी आधीच हजर. म्हणजे त्यांच्यातलाच कुणीतरी आतून खबर देत होता. भाषेचा गंध नाही तरी एवढं आम्हाला कळलं. मग हात, पाय, कोपर, गुडघे... बर्फाच्या लादीवरून घसरत जाऊन हाणामारी करताना मी जन्मात कुणाला बघितलं नव्हतं. फितूर कोण यावर आमची पैज लागली. माझा संशय अर्थातच चष्मेवाल्या मुकादमावर. आक्कांनी पहिल्या पंधरा मिनिटांतच एका किडमिड्या माणसाकडे बोट दाखवलं. तो बिचारा सगळ्यांना जेवण वाढणारा, हसतमुख, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. आणि शेवटी तोच निघाला! मी आक्कांसमोर जाऊन विचारलं, खरं सांगा, आधी पाहिलाय ना तुम्ही?

"न्हाय गं. आगं, बाकीची समदी बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघत्यात. ह्यो तेवढा दाराकडं बघतो."

पुढं बैठकीतला टीव्ही मालिकांनी अडवला आणि आक्कांनी तो सिनेमा आपल्या खोलीतल्या जुन्या टीव्हीवर नेला. दर रविवारी जेवणं उरकली की दार लोटून घ्यायच्या आणि तोच सिनेमा लावायच्या. तोच तो! मी दाराला कान लावला आहे, सांगायला लाज नाही. आत चिडीचूप. एवढी हाडं मोडताहेत आणि आवाज नाही? मी निष्कर्ष काढला की म्हातारपणी मारामारी बघतात हे लोकांना कळू नये म्हणून आवाज बारीक करून बसतात. एकदा फटीतून पाहिलं. पडद्यावर बर्फाचा कारखाना, आणि आक्का मांडीवर पदर घट्ट धरून, खुर्चीत पुढं झुकून बसलेल्या. इतक्या मोकळ्या चेहऱ्यानं त्या आमच्यात कधी बसल्या नव्हत्या. मला त्याचाही रागच आला.

आणि मग तो टेम्पोवाला. दत्ता नाव, भूमजवळच्या वाशीचा, दोन लेकरांचा बाप. पळून गेला नव्हता. लोकांनी त्याला चांगला चोपला होता, तरी एकच म्हणत राहिला, "लई हॉर्न दिला वो. लांबून देत आलो. मावशीनं वळून बी बघितलं न्हाय, आन एकदमच आडव्या आल्या." माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून अख्ख्या घराची नाडी ओळखणारी बाई, तिला हॉर्न ऐकू येत नाही? एका लिंबूवाल्यानं सांगितलं की हॉर्न वाजला होता, तर मला वाटलं, हाही त्याच्यातलाच. दिवसकार्याला सगळा गोतावळा जमला तेव्हा मी भर बैठकीत म्हटलं, हा माणूस धादांत खोटं बोलतोय, मोबाइलवर असणार, त्याला सोडायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. भूमभर तेच झालं. त्याच्या टेम्पोत माल द्यायला कुणी तयार होईना, असं कानावर आलं, आणि मला बरं वाटलं.

त्यानंतरच्या एका रविवारी घर फार सुनं वाटलं. जेवणं झाली, त्या खोलीचं दार उघडं होतं... मी आत जाऊन बसले. डिस्क मशीनमध्येच होती. लावली. चित्र आलं, आवाज नाही. आवाज वाढवत वाढवत शेवटाला नेला तरी नाही. म्हटलं बिघडला असेल, माणूस गेलं की त्याच्या वस्तूही जातात. दुसऱ्या दिवशी टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं मागचं झाकण काढलं आणि मला जवळ बोलावून बॅटरीचा उजेड पाडला. स्पीकरची वायर उंदरानं कुरतडून दोन तुकडे केलेली, आणि त्या तुटलेल्या टोकांवर कोळ्यानं जाळं विणलेलं, जाळ्यावर धुळीचा थर.

"ह्याचा आवाज कवाच गेलाय, ताई. वरीस झालं आसंल, जास्तच."

मी विचारलं, नक्की? तो म्हणाला, धूळच सांगतीय की. मी त्याला पाठवून दिलं आणि खाटेवर बसले. वर्षभर आक्का दर रविवारी हा सिनेमा बघत होत्या, आणि आवाज नाही अशी तक्रार त्यांनी एकदाही केली नव्हती. मग एकेक हाक मला आठवत गेली. स्वयंपाकघरातून मारलेली. समोर जाऊन उभं राहिल्यावरच मिळालेलं उत्तर, मागाहून येणारं हसू, सगळ्यांची तोंडं दिसतील अशी खुर्ची. देऊन टाकलेला मराठी सिनेमा. त्यात काय बोलतात हे आम्हाला कळत होतं आणि त्यांना नाही. या दुसऱ्यात कुणालाच काही कळत नव्हतं. तिथं आम्ही सगळे त्यांच्या रांगेत येऊन बसलो होतो, आणि ओठ-डोळे वाचण्यात त्या आमच्या चार पावलं पुढं होत्या. मी किती वेळ रडले मला ठाऊक नाही. मग टीव्ही पुन्हा लावला. आवाजाशिवाय. तो किडमिडा माणूस आला, वाढप करू लागला, सगळे बोलत होते आणि तो दाराकडे बघत होता. तेव्हा मला आठवलं. दिवसकार्याला मी भर बैठकीत टेम्पोवाल्याला खोटं पाडत होते, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि एकच माणूस दाराकडे बघत होता. हे, माझे यजमान.

हे संध्याकाळी आले. मी सरळच म्हटलं, आक्कांना ऐकू येत नव्हतं, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. यांनी नाही म्हटलं नाही. चपलाही न काढता पायरीवर बसले. "सोलापूरलाच गेलं होतं," म्हणाले. "मागाच्या आवाजानं. पहिल्यांदा थोडं, मग सगळंच. हिकडं यायच्या आदल्या दिवशी माझा हात धरला आन म्हणली, बाळू, सुमनला कळू देऊ नको. बहिऱ्या नणंदेला कोण नांदवून घेतंय..." मला रागच आला, अगदी मनापासून. मी त्यांना ठेवून घेतलं नसतं असं कुणी ठरवलं? हातवारे करून बोलले असते, समोर बसून बोलले असते. जन्मभर साऱ्या जगावर संशय घेत आले, पण कुणी माझ्यावरही घेत असेल हे काही मनात आलं नव्हतं. पण खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. मी विचारलं, आणि तो दत्ता? हे पुटपुटले, मी त्याच्याविरुद्ध एक शब्द बोललो नाही. मी म्हटलं, त्याच्या बाजूनं तरी कुठं बोललात? त्यांनी बहिणीला शब्द दिला होता आणि ती गेल्यावरही तो पाळत बसले होते, आणि त्या शब्दाखाली एक जिवंत माणूस दबत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं वाशीला गेलो. दत्ताच्या घरासमोर टेम्पो उभा होता, त्यावर कपडे वाळत घातले होते. आम्हाला बघून त्याची बायको आत पळाली. तिला वाटलं, भांडायलाच आलोत. यांनी सगळं उभ्यानंच सांगितलं, आक्काला ऐकू येत नव्हतं, मला ठाऊक होतं, मी बोललो नाही, आता पोलीस ठाण्यात जाऊन जबाब देतो. मी दत्ताच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चिडेल, शिव्या देईल, निदान दार लावून घेईल असं मला वाटलं होतं. त्यानं टेम्पोवरचा एक वाळलेला कपडा ओढून हातात घेतला. मग अगदी हळू म्हणाला,

"म्हंजी म्या हॉर्न वाजिवला हुता... समदी न्हाय न्हाय म्हणाया लागली तवा मलाच वाटाया लागलं, वाजिवलाच न्हाय का काय."

त्याच्या बायकोनं आतून पाणी आणलं. आम्ही प्यालो. तिथून तिघं मिळून ठाण्यात गेलो, यांनी जबाब दिला. पुढं काय व्हायचं ते होईल. पण जबाब कागदावर राहतो आणि गावातली तोंडं चालूच राहतात, म्हणून हे इथं लिहिते आहे. भूममध्ये ज्यांनी ज्यांनी माझं ऐकून त्या माणसाला खोटारडा म्हटलं, त्यांनी हे वाचावं. आक्कांना हे आवडलं नसतं. जे त्यांनी एवढं जपलं ते मी चव्हाट्यावर मांडलं म्हणून रुसल्या असत्या, चार दिवस "व्हय व्हय" सुद्धा म्हणाल्या नसत्या. रुसोत. भांडायला तरी समोर हव्या होत्या.

टीव्हीवाला जाता जाता म्हणाला होता, नवी वायर टाकून देऊ का? मी नको म्हटलं. आता रविवारी जेवणं उरकली की मी त्या खोलीत जाऊन बसते. आवाज नसला की मारामारीही वेगळी दिसते. मारणाऱ्याचं तोंडसुद्धा कळवळलेलं असतं, हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं. परवा सिनेमा चालू असताना हे आत आले. दाराकडे माझी पाठ होती. पावलांचा आवाज मी ऐकला, तरी यांनी नेहमीप्रमाणं आधी खांद्याला हात लावला आणि मग विचारलं, चहा टाकू का? या खेपेला मी हात झटकला नाही. इतकी वर्षं मी त्या हातात लाडीगोडी शोधत होते. बहिरं माणूस मागून आलेल्या चाहुलीनं दचकू नये म्हणून लागलेली ती सवय होती. ज्यांच्यासाठी लागली होती त्या आता घरात नाहीत, आणि यांचा हात अजून आधी खांद्यावरच पडतो.